जरा खाली दे, कॉय

९ फेब्रुवारी, रविवार

पेपर बंद पडल्यापासून मंगळवार आला की मला करमत नाही. तीस वर्षं दर मंगळवारी दुपारपर्यंत मजकूर द्यायची सवय. आता मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो आणि बायकोला, इमोजीनला, जिल्ह्याच्या बातम्या सांगायला लागतो. काल तिने ही डायरी माझ्यापुढे आपटली. म्हणाली, "कॉय लेडबेटर, यात लिही. मला घेवडा निवडू दे."

तर बातमी अशी. शेडी फोर्कच्या चर्चमध्ये आज या वर्षातलं पहिलं गायन झालं. आमच्यात वाद्य नाही, सूर सांगणारी शिट्टीही नाही. बाकांच्या चौकाच्या चार बाजूंना चार आवाज बसतात: टेनर, सगळ्यात वरचा ट्रेबल, आल्टो, आणि सगळ्यात खालचा बेस. ज्याची पाळी असेल तो मध्ये उभा राहून पुस्तकातल्या गाण्याचं पान मागतो, हाताने ताल धरतो, आणि टेनरच्या पहिल्या बाकाच्या टोकाला बसलेला माणूस सूर देतो. तो जिथे देईल तिथून सगळे गातात. ती जागा इमोजीनच्या वडिलांची होती. ते गेल्यापासून माझी आहे. (पेपरातली खोड. डायरीलाही ओळख करून द्यावीशी वाटते.)

कानांत ऐकायची यंत्रं घालून मी त्या जागेवर आज पहिल्यांदाच बसलो. यंत्रं घ्याच म्हणून नाताळात मुलगी हटूनच बसली होती. मध्ये उभ्या राहिलेल्याने मागितलेलं पान ऐकू यावं, एवढीच माझी गरज. गेल्या वर्षी शेजारच्या डेलियाला दर वेळी बोटांनी आकडा दाखवावा लागायचा. आज सगळं लख्ख ऐकू आलं. पानांची सळसळ, हर्शेलचं नाक, माझे स्वतःचे बूट.

गाण्याबद्दल मात्र बरं लिहिता येत नाही. ट्रेबलच्या बाया पहिल्या तासातच दमल्या. वरच्या जागा घेताना प्रत्येकीची मान दोरासारखी ताणलेली. याच बाया पूर्वी दुपारपर्यंत छप्पर हलवायच्या. परतताना मी इमोजीनला म्हटलं, "टीव्हीसमोर बसून बसून लोकांना दम म्हणून राहिला नाही." तिने पर्समधून घशाची गोळी काढून तोंडात टाकली.

२३ फेब्रुवारी, रविवार

लर्लीन टकर ट्रेबल सोडून आल्टोत येऊन बसली. शाळेत होती तेव्हापासून ती ट्रेबलच्या पहिल्या बाकावर बसत आली आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "तिथे खिडकीतून वारा लागतो, कॉय."

गायन सुटल्यावर मी खिडकी बघून आलो. बंद होती. पण जुनी तावदानं, फटी असतीलच.

१६ मार्च, रविवार

खिडकीला चिकटपट्टी लावली. चारही बाजूंनी, नीट. लर्लीनने आभार मानले आणि पुन्हा आल्टोतच जाऊन बसली. सवय लागली असेल.

आज एक विचित्र गोष्ट लक्षात आली. एकानेही 'वॉरफोर्ड' हे गाणं मागितलं नाही. त्यात ट्रेबल एकटी वरून सुरू होते आणि बाकीचे तीन आवाज खालून तिला गाठायला धावतात. ते म्हटल्याशिवाय आमचं गायन उठल्याचं मला आठवत नाही. आज मात्र सगळ्यांनी वेचून वेचून खालची गाणी मागितली. मरणाची, नदीपलीकडची, गळ्याला त्रास न देणारी. बेसवाल्यांची चंगळ. या वर्षी लोकांच्या मनावर मळभ आहे खास. पेपर चालू असता तर यावर एक स्तंभ झाला असता.

दुपारच्या जेवणाला झाडाखाली हर्शेल समोर बसला होता. पहिलीपासूनचा मित्र, बेसचा खांब. कोंबडीची तंगडी हातात धरून म्हणाला, "जरा खाली दे, कॉय."

"काय देऊ?"

"सूर रे. आम्हा म्हाताऱ्यांसाठी."

"तू बेसमध्ये गातोस. आणखी खाली दिला तर विहिरीत पडशील."

सगळं टेबल हसलं. विनोद एवढा काही मोठा नव्हता. हर्शेलही हसला, मग तंगडी ताटात ठेवून म्हणाला, "बरं. केळ्याचं पुडिंग घे. नेटीने केलंय."

हर्शेल थकत चालला आहे. कबूल करायचं नाही, म्हणून सूर पुढे करतो.

२७ मार्च, गुरुवार

इमोजीनने आज मला विद्यापीठात नेलं. वयाचा आवाजावर काय परिणाम होतो याचा तिथे अभ्यास चालू आहे आणि त्यांना म्हातारी माणसं हवी आहेत, असं तिने कुठेतरी वाचलं. "गाणारे मिळाले तर त्यांना बरंच," म्हणाली. मला काय, दाखवून द्यायला आवडतं.

डॉक्टर मॅकनीश म्हणून एक उंच बाई आहे. तिने मला एका बंद खोलीत बसवलं, कानातली यंत्रं काढायला लावली आणि मोठे हेडफोन चढवले. म्हणाली, "फक्त 'आ' म्हणा आणि धरून ठेवा." मी धरला. माझा आवाज हेडफोनमधून मलाच ऐकू येत होता, आणि ती तो मधूनच किंचित वर किंवा खाली सरकवत होती. मला पत्ताही नाही! नंतर पडद्यावर रेघ दाखवली. तिने आवाज खाली नेला की माझा गळा आपोआप वर जाई. तिने वर नेला की खाली.

"हे सगळ्यांचंच होतं," ती म्हणाली. "पण तरुणांचा गळा थोडंसं सावरतो आणि मग कानाकडे फारसं लक्ष देत नाही. तुमच्या वयाच्या बऱ्याच लोकांचा गळा कानावर जास्त विसंबतो. तुमचा तर फारच."

"म्हणजे आम्ही तरुणांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो."

"असंही म्हणता येईल," म्हणाली आणि हसली.

शेवटी तिने हेडफोनमध्ये खळखळाट सोडला, ओढ्याला पूर आल्यासारखा. स्वतःचा आवाज अजिबात ऐकू येईना. "आता धरा 'आ'." धरला. तिने रेघ पाहिली आणि भुवया उंचावल्या. "मिस्टर लेडबेटर, ऐकू येत नसलं की तुमचा गळा खुंटासारखा सरळ उभा राहतो."

गाडीत इमोजीनने विचारलं, "काय म्हणाली?"

"तरुणांपेक्षा जास्त ऐकतो म्हणाली."

बराच रस्ता गेला. मग तिने विचारलं, "आणखी काही?"

"तिथे दिलेलं जेवण चांगलं होतं. कोबीची कोशिंबीर तुझ्याइतकी नाही जमली."

३० मार्च

बटाटे लावले. पाऊस.

९ एप्रिल, बुधवार

हर्शेल गेला. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आला आणि तिथेच बसला. त्याची बायको नेटी म्हणाली, कोंबड्या त्याच्या भोवती दाणे टिपत होत्या, म्हणून तिला आधी काहीच वाटलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

हे लिहायचं नव्हतं. पण हातून सुटत नाही.

हर्शेलच्या कबरीच्या खड्ड्याशी नेटीने 'वॉरफोर्ड' मागितलं. त्याला ते आवडायचं, कारण त्यात बेस सगळ्यात शेवटी येतो. "सगळे दमले की मी पोचतो," म्हणायचा. आम्ही चौक करून गवतावर उभे राहिलो. लर्लीन त्याच्यासाठी आल्टो सोडून ट्रेबलमध्ये जाऊन उभी राहिली. मी सूर दिला. छान लागला होता, मला अजून ऐकू येतो आहे.

पहिली ओळ गेली. दुसरी कशीबशी. तिसऱ्या ओळीला ट्रेबल सगळ्यात वर चढते. तिथे एका बाईचा आवाज चिरफाळला, मग दुसरीचा, आणि लर्लीन थांबली. नुसती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. टेनर अडखळले. बेस अजून यायचाच होता. तो आलाच नाही. गाणं तिथेच पडलं. आमच्यातलं गाणं खड्ड्याशी मधेच थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नेटी दोन्ही हातांत रुमाल घट्ट धरून जमिनीकडे बघत होती. पाद्र्याने घाईघाईने प्रार्थना सुरू केली.

परतताना मी म्हणालो, "रडू आवरलं नाही कुणाला."

इमोजीनने गाडी पेंडीच्या दुकानाशी बाजूला घेतली आणि बंद केली.

"रडू नव्हतं, कॉय."

"मग?"

"तू एवढा चढा दिलास की माणसाच्या गळ्याला तिथे जाताच येत नाही. आजच नाही. हिवाळ्यापासून सगळंच चढं देतोयस. लोक खालचीच गाणी का मागतात, असं वाटलं तुला? तुझ्या सुरात निदान ती तरी गाता येतात म्हणून."

"लर्लीन म्हणाली वारा..."

"तू चिकटपट्टी लावलीस ना, त्या दिवशी लर्लीन घरी जाऊन रडली."

मी म्हणालो, "मग एकाने तरी सांगायचं."

"हर्शेलने सांगितलं की."

घर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "वय होतं रे. बाबांचंही शेवटी झालं होतं. त्यांनाही आम्ही कोणी सांगितलं नाही. त्या जागेवरच्या माणसाला सांगायचं नसतं, असंच मी लहानपणापासून बघत आले."

विद्यापीठात मला कशाला नेलं होतं, ते आत्ता कळतं आहे. तिच्या तोंडून निघत नव्हतं, ते त्या बाईने सांगावं म्हणून. आणि मी कोबीच्या कोशिंबिरीवर बोललो.

१५ एप्रिल, मंगळवार

डेलियाकडे गेलो. हर्शेलची भाची, शाळेची बस चालवते. छत्तिशीची असेल. बसखाली आडवी पडून काहीतरी बघत होती. मी तिच्या बुटांशी बोललो.

"ती जागा आता तुझी, डेलिया."

बूट हलले नाहीत. "नको मला."

"तुझा कान चांगला आहे."

"कान चांगला आहे म्हणूनच नको. मला कळेल मी कुठे चुकले ते."

"जूनमधलं वार्षिक गायन तोंडावर आलंय. कोणीतरी बसायलाच हवं."

ती बाहेर आली, हात पुसले. डोळे हर्शेलसारखेच. "अंकल कॉय, तुम्ही शेजारी बसणार असाल तर बसते."

"मी मागे बसेन."

"म्हणजे मागे बसून तोंड वाकडं करणार आणि ते मला दिसणार. झकास!"

मी हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

४ मे, रविवार

सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. तिथून चौक दिसत नाही, फक्त लोकांच्या मानेवरचे केस दिसतात.

डेलिया सूर बरोबर देते, पण वेळ फार लावते. मध्ये उभा असलेला माणूस वाट बघत टाचा उचलतो, लोक खोकतात, कोणीतरी पाण्याची बाटली उघडतं. दोनदा तिने फार खाली दिला. आणि दोन्ही वेळा मोठ्याने म्हणाली, "चुकलं. थांबा, परत देते." परत दिला. लोक गायले. कुणाला काही झालं नाही.

त्या जागेवरून 'चुकलं' हा शब्द मी आजपर्यंत ऐकला नव्हता. माझ्या सासऱ्यांच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून तर नाहीच. पेपरात मी दर आठवड्याला चूकभूल छापायचो आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

एक खरं लिहितो. ती चुकली तेव्हा मला बरं वाटलं. सुधारलं तेव्हा जरा वाईट वाटलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने असं असू नये.

कोणी 'वॉरफोर्ड' मागितलं नाही. आता त्याला दुसरं कारण आहे.

१० मे, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहायला हवं.

दुपारी गवत कापायच्या चाकांच्या मशीनवर बसलो. त्या मशीनचा आवाज यंत्रांतून डोक्यात खिळे ठोकल्यासारखा येतो, म्हणून यंत्रं नेहमीप्रमाणे काढून शर्टाच्या खिशात ठेवली. मशीन सुरू केली. घराच्या मागच्या बाजूला दोन फेऱ्या झाल्या आणि आपोआप तोंडात गाणं आलं. मशीनवर मी नेहमीच गातो. मला स्वतःला ऐकू येत नाही, शेजारी लांब आहेत, कुणाचं काही जात नाही. 'वॉरफोर्ड'च होतं. हर्शेलच्या खड्ड्याशी पडलं तेच.

वळून घराकडे आलो तर इमोजीन ओसरीच्या पायऱ्यांवर उभी. हातात ओला टॉवेल. तोंड हलत होतं. मला वाटलं फोन आलाय. मशीन बंद केली तर ती गात होती. आल्टो. पूर्ण आवाजात, टॉवेलने ताल देत. मी थांबलो म्हणून तीही थांबली.

"काय झालं?" मी ओरडलो.

ती अंगणातून माझ्याजवळ आली. टॉवेलमधून पाणी गळत होतं. तोंड माझ्या कानाजवळ आणून म्हणाली, "तू ते बरोबर दिलंस."

"काय?"

"सूर! बाबा जिथे द्यायचे तिथेच. मी आत भांडी विसळत होते, माझ्या नकळत आल्टो सुरू झाला. चढा असता तर आला असता का?"

मी खिशातून यंत्रं काढून कानात घातली. "परत म्हणू?"

"म्हण."

मी पुन्हा सूर दिला. मला तर तसाच वाटला. इमोजीनचं तोंड उतरलं. "गेला वर," ती म्हणाली.

काढली. दिला. तिने मान डोलावली. घातली. दिला. तिने तोंड वाकडं केलं. आम्ही दोघं त्या मशीनशी किती वेळ हे करत होतो कोण जाणे. कोपऱ्यावरच्या रस्त्याने टकरांची गाडी गेली, हळू झाली, आणि पुन्हा वेगाने निघून गेली. लर्लीनला वाटलं असेल, आमचं भांडण चाललंय.

मग मला तो हेडफोनमधला पूर आठवला. आणि मॅकनीशबाईची उंचावलेली भुवई. ऐकू येत नसलं की खुंटासारखा सरळ.

इमोजीनला सांगितलं. तिने तो ओला टॉवेल मला मारला. "हे तुला तेव्हाच सांगता आलं नाही? कोशिंबीर सांगितलीस!"

१४ मे, बुधवार

गावातल्या कानाच्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या माणसाने काहीही न लपवता सांगितलं. यंत्राने कानात शिट्टी मारू नये म्हणून ते आवाज किंचित सरकवत राहतं. बोलण्यात ते कळत नाही, पण लांब धरलेल्या सुरात गडबड होऊ शकते. "तो भाग बंद करून देतो," म्हणाला. दिला. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि सूर धरला, तर दोन्ही यंत्रांनी अशी शिट्टी मारली की फुटपाथवरचा कुत्रा उठून उभा राहिला. परत आत जाऊन चालू करून घेतला.

मग मॅकनीशबाईंना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "एका माणसावरून मी काही ठरवणार नाही. पण दोन गोष्टी जुळून आल्या असाव्यात. यंत्र थोडं खोटं सांगतं, आणि तुमचा गळा त्याच्यावर फार विश्वास ठेवतो."

"तरुण असतो तर?"

"तर कदाचित गळ्याने ते अर्धंच मानलं असतं."

"म्हणजे इमोजीन म्हणते ते खरं. वयच."

"वय आहेच. पण त्याच वयाच्या गळ्यात इतक्या वर्षांचे सूरही बसलेत, मिस्टर लेडबेटर. त्यांना कान लागत नाही. तुम्ही मला त्या दिवशी ते दाखवलंत, तेव्हा मी ते लिहून ठेवलं आहे."

फोन ठेवल्यावर वाईट वाटत नव्हतं.

१ जून, रविवार

जेवण झाल्यावर डेलिया आली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. यंत्रं साखरेच्या भांड्याशेजारी. डेलिया पान उघडी, मी सूर देई, इमोजीन आणि ती गाऊन बघत. बहुतेक बरोबर. पण सगळे नाहीत. यंत्रांवर सगळं ढकलता येत नाही, काही माझंही आहे. दमलो की गळा भरकटतो.

डेलिया म्हणाली, "मग आपण दोघं बसू. तुम्ही द्या. मला पटलं नाही तर मी 'खाली' किंवा 'वर' म्हणेन. मोठ्याने. चालेल?"

इमोजीनने माझ्याकडे पाहिलंच नाही. उठून सिंकमध्ये काहीतरी घासायला लागली.

मी म्हणालो, "मोठ्यानेच म्हण. यंत्रं काढल्यावर मला ऐकू कमी येतं."

"आणि तुम्ही दमलात की मी देईन."

"आणि तू वेळ लावलास की मी खोकेन."

"ते तर तुम्ही मागच्या बाकावरूनही करत होतात," डेलिया म्हणाली.

२१ जून, शनिवार

इमोजीनने सकाळपासून चणे, घेवडा, दोन कॉर्नब्रेड आणि गोडात पीचचा कॉबलर केला. मी चर्चमध्ये जाऊन बाकं पुसली. खिडकीची चिकटपट्टी काढली. डिंक निघता निघत नव्हता, रॉकेल लावून काढला.

भीती वाटते. तारखेला मजकूर द्यायची भीती मला कधी वाटली नव्हती. पण मजकूर खोडता यायचा.

२२ जून, रविवार

वार्षिक गायन झालं. दमलोय, तरी आजच लिहितो.

सकाळी टोकाच्या जागेवर मी आणि माझ्या डावीकडे डेलिया. पहिलं पान मागायच्या आधी मी उभा राहून सगळ्यांसमोर यंत्रं काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. सांगितलं, "माझा सूर चढला होता. तुम्ही सगळ्यांनी सोसलंत. आजपासून डेलिया मोठ्याने सांगेल, आणि ज्याला चौकात उभं राहून सांगावंसं वाटेल त्यानेही सांगावं." कुणी काही बोललं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. बेसच्या बाकावर हर्शेलची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

मग मजा झाली. लोकांना सवयच लागलेली, एकेक जण येऊन तीच खालची गाणी मागू लागला. आणि मी आता सूर योग्य जागी देत होतो! बेसवाले तळघरात जाऊन पोचले. पुलाखालच्या नळात गाई हंबराव्यात तसा आवाज, तो मलाही बाकातून जाणवत होता. दुसऱ्या गाण्याला ट्रेबलमधली एक मुलगी हसायला लागली, मग सगळा चौक. डेलिया माझ्या कानाशी ओरडली, "अंकल कॉय, वर!" मी पुन्हा दिला. आजवर त्या जागेवर कुणी कुणाला असं सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर पुढचा माणूस मागितलेलं पान बदलून मोकळ्या गळ्याचं गाणं मागू लागला.

जेवणानंतर इमोजीनची पाळी. ती वर्षातून एकदाच चौकात उभी राहते आणि दर वर्षी वडिलांचं आवडतं गाणं मागते, म्हणून मी पान आधीच काढून ठेवलं होतं. तिने आकडा सांगितला. मी ओठ बघत होतो, ते काही वेगळंच म्हणाले. डेलियाने बोटं दाखवली. दोन. एक. चार.

'वॉरफोर्ड'.

नेटी टेनरमध्ये बसली होती, तिने मान वर केली. आणि लर्लीन टकर आल्टोच्या बाकावरून उठली. पुस्तक छातीशी धरून, सगळा चौक ओलांडून, ट्रेबलच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी अजून सूर दिला नव्हता.

मी डोळे मिटले. ऐकायचा प्रयत्न केला नाही. गळ्यात जिथे तो ठेवलेला असतो तिथे हात घातल्यासारखं केलं, आणि दिला. डेलियाकडे पाहिलं. ती गप्प. इमोजीनने हात खाली आणला.

ट्रेबल मला यंत्रांशिवाय ऐकू येत नाही, इतकं वरचं काही येत नाही. म्हणून मी माना बघत राहिलो. पहिली ओळ. दुसरी. तिसरीला लर्लीनने हनुवटी जरा उचलली, डोळे पानावरून काढून छताकडे नेले. मानेची एकही शीर ताणलेली नव्हती. मग टेनर, मग आल्टो, आणि शेवटी बेस आला. तो मला कानांनी नाही, बाकातून कळला. पाठीच्या मणक्यातून वर आला. नेटी गात होती. इमोजीनचा हात वरखाली होत होता आणि ती माझ्याकडे बघत होती. गेल्या कित्येक महिन्यांत गाताना तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

गायन सुटल्यावर मी यंत्रं घातली. लोक पुस्तकं गोळा करत होते. लर्लीन खिडकीपाशी उभी राहून पंख्यासारखं पुस्तक हलवत होती.

मी म्हणालो, "काय गं, तिथे आता वारा लागत नाही?"

"पडला," लर्लीन म्हणाली.